गरजेची यादी आणि ५३ वा नंबर

(पडद्यावर: घराचं तळघर, एक आरामखुर्ची, भिंतीवर टीव्ही)

२३ एप्रिल २०२०. अमेरिकेत रात्रीचे आठ वाजलेत, आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेपाच. लॉकडाऊन लागून महिना झालाय, लास व्हेगसला होणारा ड्राफ्टचा मोठ्ठा सोहळा रद्द झालाय, आणि एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, कमिशनर रॉजर गुडेल स्वतःच्या घराच्या तळघरात कॅमेऱ्यासमोर उभा राहून एकेक नाव वाचतोय. टीमवाले आपापल्या घरी लॅपटॉप उघडून बसलेत. डॅलस काउबॉइजचे मालक जेरी जोन्स तेवढे आपल्या यॉटवर आहेत, बाकीच्यांचं वर्क फ्रॉम होम, ह्यांचं वर्क फ्रॉम जहाज.

आज रात्री आणि उद्या संध्याकाळी मिळून फिलाडेल्फिया ईगल्स ही टीम जी पोरं निवडणार आहे त्यातली दोन आपल्या गोष्टीतली. एक असा, की ज्याची गरज सगळ्या शहराला दिसत होती. दुसऱ्याचं नाव ऐकून तेच शहर कपाळाला हात लावणार आहे.

(पडद्यावर: जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो, हॉटेलची खोली)

आता ज्यांना अमेरिकन फुटबॉलचा गंध नाही त्यांच्यासाठी पटकन. ड्राफ्ट म्हणजे आपला आयपीएलचा लिलाव नाही हां. इथे बोली लागत नाही. गेल्या सीझनला जी टीम सगळ्यात खाली ती आधी निवडते, जी चॅम्पियन ती सगळ्यात शेवटी, ३२ टीम, ७ राऊंड, आणि कॉलेजातून आलेल्या पोराला पगार किती हे तो कितव्या नंबरवर गेला त्यावरच जवळपास ठरलेलं असतं, म्हणजे खिसा कितीही गरम असला तरी उपयोग शून्य. नंबर पुढचा हवा असेल तर दुसऱ्या टीमशी अदलाबदल करायची, बस्स. ही आयडिया मुळात ईगल्सचेच मालक बर्ट बेल यांची, आणि पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियातच एका हॉटेलात झाला. गंमत म्हणजे पहिला नंबर ईगल्सचाच होता, त्यांनी जे बरवँगर नावाचा कॉलेजचा हिरो घेतला आणि तो पठ्ठ्या एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. सुरुवातच अशी.

तर प्रत्येक टीमच्या टेबलावर दोन कागद असतात असं समजा. एक म्हणजे बोर्ड. आपल्याकडे पूर्वी कसं 'अमक्याचा मुलगा बोर्डात आला' म्हणायचे, अगदी तसंच, सगळ्या पोरांची मेरिट लिस्ट, कोण कुठल्या पोझिशनचा हे बाजूला ठेवून फक्त कोण किती चांगला. आणि दुसरा कागद म्हणजे गरजेची यादी. आपल्या ५३ जणांच्या टीममध्ये कुठे भोक पडलंय, कोण म्हातारा झालाय, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. दोन्ही कागदांवर एकच नाव वर आलं तर काही प्रश्नच नाही. भांडण होतं ते नावं वेगळी निघाली की. आणि ती बहुतेकवेळा वेगळीच निघतात.

(पडद्यावर: फिलाडेल्फियाचं स्टेडियम, पाऊस)

२०१९ चा सीझन ईगल्सचा कसा गेला ते बघा म्हणजे गरज काय ते कळेल. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा बॉल फेकणारा मुख्य गडी, आणि रिसीव्हर म्हणजे लांब पळत जाऊन त्याने फेकलेला बॉल पकडणारा. डिशॉन जॅक्सनने पहिल्या मॅचला दोन लांबलचक टचडाऊन (म्हणजे बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडणं, आपल्या गोलसारखं) केले, लोक नाचले, आणि मग तो दुखापतीने असा गेला की सीझनभरात एकूण तीनच मॅच. अलशॉन जेफ्री पण जायबंदी. उरला नेल्सन ॲगलोर, त्याच्या हातातून बॉल सुटायला लागले. त्याच सप्टेंबरात शहरात एका इमारतीला आग लागली, वरच्या खिडकीतून लोकांनी पोरं खाली टाकली आणि खाली उभ्या माणसांनी ती झेलली, आणि झेलणाऱ्यातला एकजण टीव्हीच्या माईकसमोर काय म्हणाला तर आम्ही झेलली बरं का, ॲगलोरसारखं नाही केलं. आगीतून पोरं वाचवून आलेला माणूस आणि त्याच्या डोक्यात काय तर रिसीव्हर. ह्याला म्हणतात फिलाडेल्फिया.

सीझन संपेपर्यंत परिस्थिती अशी की कॉलेजात क्वार्टरबॅक असलेला, प्रॅक्टिस स्क्वॉडमधून, म्हणजे सरावापुरत्या राखीव पोरांतून, वर आणलेला ग्रेग वॉर्ड हा मुख्य रिसीव्हर. क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झने तरीही ४,००० यार्डांच्या वर पासिंग केलं, आणि त्याच्या एकाही वाइड रिसीव्हरचे ५०० यार्ड झाले नाहीत, लीगच्या इतिहासात असं आधी कधीच झालं नव्हतं. म्हणजे गरजेच्या यादीत पहिल्या ओळीवर काय असणार ते शाळेतलं पोरगंही सांगेल. रिसीव्हर हवा, आणि तोही बाहेरून सुसाट पळणारा, कारण जॅक्सन गेल्यामुळे मैदान ताणणारा, म्हणजे समोरच्या डिफेन्सला लांबवर ओढून नेणारा, कोणी उरला नव्हता.

माझ्या मते खरी गडबड ह्या 'सुसाट पळणारा' मध्ये आहे. रिसीव्हर हवा इथपर्यंत ठीक. पण अमुकच पद्धतीचा, अमुकच जागी उभा राहणारा असं यादीत बारीक अक्षरात लिहिलं की मेरिट लिस्ट हळूहळू बाजूला पडते.

(पडद्यावर: घड्याळ उलटं मोजतंय)

१७ वा नंबर डॅलसचा. त्यांच्याकडे रिसीव्हर होते, अमारी कूपरला महिनाभरापूर्वीच १० कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलेलं, सगळे म्हणत होते डिफेन्सचा माणूस घ्या. जोन्ससाहेबांनी यॉटवरून सीडी लॅम उचलला. का, तर त्यांच्या बोर्डावर तो इतका वर होता की एवढ्या खाली तो मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. गरज नसताना घेतला. पुढे तोच त्यांचा एक नंबरचा रिसीव्हर झाला.

२१ वा नंबर ईगल्स. बोर्डावर दोन नावं. एक जस्टिन जेफरसन, लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, नॅशनल चॅम्पियन टीममधला, त्या सीझनला १११ कॅच, १,५४० यार्ड, १८ टचडाऊन. दुसरा टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा जेलन रेगर, ४३ कॅच, ६११ यार्ड. आता आकडे बघून तुम्ही म्हणाल विषय संपला. पण जेफरसन त्या वर्षी बराचसा आतल्या बाजूने, स्लॉटमधून खेळलेला, त्यामुळे हा बाहेर जमेल का अशी शंका, आणि रेगर म्हणजे बाहेरचा, उडी जबरदस्त, बॉल हातात आला की पळणारा, शिवाय त्याला कॉलेजात बॉल फेकणारा धड नव्हता हेही खरं. आणि वेग? ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला झालेल्या चाचणीत ४० यार्ड पळायला रेगरला ४.४७ सेकंद लागले, जेफरसनला ४.४३. म्हणजे ज्या वेगासाठी रेगर घेतला त्यात जेफरसनच पुढे होता!

ईगल्सनी रेगर घेतला.

२२ वा नंबर मिनेसोटा वायकिंग्जचा, आणि हा नंबर त्यांच्याकडे आलाच कसा तर महिन्याभरापूर्वी आपला स्टार रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज त्यांनी बफलोला देऊन टाकला होता, त्या बदल्यात. त्यांनी डोळे झाकून जेफरसन घेतला. पहिल्याच सीझनला १,४०० यार्ड. रेगरचे ३९६.

हे दोन आकडे पुढची दोन वर्षं फिलाडेल्फियातल्या प्रत्येक सलूनमध्ये आणि प्रत्येक सँडविचच्या दुकानात ऐकायला मिळाले असणार.

(पडद्यावर: दुसरा दिवस, २४ एप्रिल)

दुसरा राऊंड, ५३ वा नंबर. यादीत अजून भोकं होतीच, लाइनबॅकर, कॉर्नरबॅक, सेफ्टी, म्हणजे डिफेन्सच्या जागा, काय म्हणाल ते. आणि ईगल्सनी निवडला क्वार्टरबॅक. ओक्लाहोमाचा जेलन हर्ट्स. (हो, ह्या गोष्टीत जेलन नावाचे एकूण तीनजण आहेत, गोंधळू नका.)

आता ह्या टीमकडे क्वार्टरबॅक होता हो. कार्सन वेंट्झ, २७ वर्षांचा, जून २०१९ मध्येच त्याला चार वर्षांचं १२ कोटी ८० लाख डॉलरचं एक्स्टेन्शन दिलेलं. एका म्यानात दोन तलवारी कशाला असा साधा प्रश्न, टीव्हीवरचे एक्सपर्ट हसत होते, फॅन चिडले होते. जनरल मॅनेजर हॉवी रोझमनचं म्हणणं असं की आम्हाला क्वार्टरबॅकची फॅक्टरी व्हायचंय. लोकांनी त्या फॅक्टरीवरून इतके जोक केले की विचारू नका.

पण जरा थांबून मागे बघा. २०१७ ला वेंट्झचा गुडघा गेला आणि बॅकअप निक फोल्सने ईगल्सना त्यांचा पहिला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून दिला. २०१८ ला वेंट्झची पाठ गेली, परत फोल्स. मग फोल्स सोडून गेला. जानेवारी २०२० मध्ये प्लेऑफला सिएटलविरुद्ध वेंट्झ डोक्याला मार लागून पहिल्याच क्वार्टरमध्ये बाहेर, आणि आत कोण आलं तर ४० वर्षांचा जोश मॅकाउन, ज्याच्या मांडीचा स्नायू मॅचमध्येच फाटला आणि तो तसाच लंगडत खेळत राहिला. हरले, १७-९. म्हणजे दुधाने तोंड एकदा नाही, तीनदा पोळलं होतं. गरज होतीच की, फक्त ती यादीत नव्हती, कारण यादी करताना आपण ज्या खुर्चीवर कोणीतरी बसलंय ती भरलेली धरतो.

(पडद्यावर: ग्रीन बे, डिसेंबर २०२०, थंडी)

पुढे काय झालं ते भराभर. २०२० मध्ये वेंट्झ पार ढेपाळला, १५ इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्यांनीच पकडला), ५० सॅक (बॉल फेकायच्या आधीच त्याला आडवं केलं). ह्या ५३ व्या नंबरनेच त्याचं डोकं फिरवलं असं म्हणणारे आहेत, आणि मला त्यात थोडं तथ्य वाटतं, घरात वारसदार आणून बसवला की धन्याची झोप उडतेच. डिसेंबरात ग्रीन बेला त्याला बाहेर बसवलं, हर्ट्स आत आला. २०२१ ला वेंट्झ इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला.

आणि इथून पुढची साखळी नीट बघा कारण रोस्टर, म्हणजे टीममधली पोरं, कसा बांधतात ते इथे दिसतं. वेंट्झच्या बदल्यात कोल्ट्सचा जो पहिल्या राऊंडचा नंबर आला तो २०२२ चा १६ वा. ईगल्सनी तो आणि आपला १९ वा वगैरे न्यू ऑर्लिन्स सेंट्सना दिला, बदल्यात १८ वा, १०१ वा, वर पुढच्या वर्षीचा त्यांचा पहिला राऊंड आणि आणखी थोडं काही. मग ड्राफ्टच्या रात्रीच १८ वा आणि १०१ वा टेनेसी टायटन्सना देऊन ए. जे. ब्राउन हा तयार, सिद्ध झालेला रिसीव्हर घेतला. टायटन्सनी त्या १८ व्या नंबरवर रिसीव्हरच घेतला, ट्रेलन बर्क्स, म्हणजे स्वतःच भोक पाडायचं आणि स्वतःच ठिगळ लावायचं, आणि ते ठिगळ काही टिकलं नाही. सेंट्सचा पुढच्या वर्षीचा नंबर निघाला १० वा, शिकागोला थोडं देऊन ईगल्स ९ व्यावर सरकले आणि घेतला जेलन कार्टर, डिफेन्सच्या मधोमध उभा राहणारा धिप्पाड गडी. हा तिसरा जेलन.

एक वेंट्झ गेला आणि त्याच्या जागेचं भाडं असं येत राहिलं. अर्थात ५३ व्या नंबरवर हर्ट्स घेऊन ठेवला नसता तर वेंट्झला सोडायची हिंमतच झाली नसती.

रेगर? ऑगस्ट २०२२ मध्ये ईगल्सनी त्याला ट्रेड केलं. कुठे? मिनेसोटाला. जेफरसनच्याच ड्रेसिंग रूममध्ये. हे मी बनवून सांगत नाहीये.

(पडद्यावर: ग्रीन बेचं स्टेडियम, पिवळे-हिरवे फॅन)

आता हे ऐकून कोणी म्हणेल मग गरज बघायचीच नाही का. तर २०२० च्या त्याच पहिल्या रात्री २६ व्या नंबरवर ग्रीन बे पॅकर्सनी काय केलं बघा. टीम १३-३, सेमीफायनलसारख्या मॅचपर्यंत गेलेली, क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स ३६ वर्षांचा पण जोरात, आणि त्यांनी वर सरकून घेतला क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह. त्या अख्ख्या ड्राफ्टमध्ये एकही रिसीव्हर घेतला नाही, आणि ते वर्ष रिसीव्हरचं होतं, पहिल्याच राऊंडला सहाजण गेले होते. रॉजर्सने चिडून म्हणा किंवा कसंही, पुढची दोन्ही वर्षं एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा किताब, मारला. जानेवारी २०२१ ला पॅकर्स टँपा बेकडून ३१-२६ हरले, सुपर बोलच्या उंबऱ्यावर, आणि पहिल्या राऊंडचा पोरगा नुसता बघत होता. लव्ह पुढे चांगला निघाला, २०२३ ला ३२ टचडाऊन, नंतर २२ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट. पण ते पाच पॉइंट एखाद्या रिसीव्हरने भरून काढले असते का, हा प्रश्न ग्रीन बेमध्ये आजही कोणाला विचारू नका, संध्याकाळ जाईल.

तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरं, पण विहीर खणेपर्यंत घरच्यांनी प्यायचं काय हाही प्रश्न आहेच ना. ईगल्सचं बरं की ते ओळीओळीत माणूस बसवून ठेवतात. २०१८ ला सातव्या राऊंडला, २३३ व्या नंबरवर त्यांनी जॉर्डन मायलाटा घेतला, ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगवाला, ज्याने अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच खेळलेली नव्हती. २०२२ ला सेंटर, म्हणजे क्वार्टरबॅकला बॉल देणारा लाइनच्या मधला गडी, जेसन केल्सी ठणठणीत असताना कॅम जर्गन्स हा सेंटर दुसऱ्या राऊंडला घेतला, आणि गंमत म्हणजे त्याला पारखायला खुद्द केल्सीनेच मदत केली. केल्सी मार्च २०२४ ला निवृत्त झाला. जर्गन्स तयारच होता.

(पडद्यावर: न्यू ऑर्लिन्स, ९ फेब्रुवारी २०२५)

सुपर बोल. ईगल्स ४०, कॅन्सस सिटी चीफ्स २२. लाइनवर डावीकडे मायलाटा, मध्ये जर्गन्स. टचडाऊन कॅच ब्राउनचा एक, २०२१ ला पहिल्या राऊंडला घेतलेल्या डिव्होंटा स्मिथचा एक. एमव्हीपी जेलन हर्ट्स, ५३ वा नंबर.

अडीच महिन्यांनी परत ड्राफ्ट. चॅम्पियन म्हणून ईगल्स सगळ्यात शेवटी, ३२ व्या नंबरवर. त्यांच्या एक घर पुढे, ३१ व्यावर, नुकतेच हरवलेले चीफ्स. आणि ईगल्सनी त्याच चीफ्सना पाचव्या राऊंडचा एक नंबर वर देऊन ते एक घर पुढे सरकवून घेतलं, एका घरासाठी, आणि घेतला अलाबामाचा लाइनबॅकर जिहाद कॅम्पबेल. त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं, सीझन सुरू होईपर्यंत तो बरा होईल की नाही यावर चर्चा चालू होती, आणि त्याच पोझिशनच्या झॅक बॉनला दीड महिन्यापूर्वीच ५ कोटी १० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलेलं.