मानशीचं दार

नमस्कार श्रोतेहो.

परवा दिवाडीहून जुन्या गोव्याला येताना फेरीबोटीत आमच्या वाड्यावरचा एक मुलगा भेटला. घर कॅथलिक, पण हल्ली तो बिलिवर्स म्हणवणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनेला जातो. मी शेजारी उभा राहतो न राहतो तोच त्यानं विचारलं, “काका, तुमचं तारण झालंय का?”

तारण म्हटलं की आपल्याकडे निम्म्या लोकांना सोनेतारण कर्जच आठवतं. पण पोरगा गंभीर होता, त्याला पापातून सुटका म्हणायची होती. एकदा येशूला मनापासून तारणारा मानलं की झालं, ते तारण पुन्हा कधी जात नाही, असं त्याचं म्हणणं. योहानाच्या दहाव्या अध्यायातलं वचनही त्याला पाठ होतं: माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही.

वचन खरंच आहे. हिसकावून कोणीच घेणार नाही. पण आपण होऊन निघून जाणाऱ्याला तो हात आवळून धरत नाही. पौल करिंथकरांना लिहितो, की दुसऱ्यांना उपदेश करून मी स्वतःच नापसंत ठरू नये. पौलाला ही धास्ती, तर निर्धास्तपणाचा दाखला आम्हांला कुठल्या कचेरीतून मिळाला?

मी त्याला खाजन शेत दाखवलं. खाडीच्या पाण्यापासून शेत राखतो तो बांध, आणि बांधात असते मानस, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायची वाट. भरती आली की पाण्याच्या दाबानं तिचं लाकडी दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. आता बांधाला कुर्ल्या भोकं पाडतात. ती वेळच्या वेळी बुजवावी लागतात, पण तेवढ्यानं पीक जात नाही. चर्च ज्यांना क्षम्य पापं म्हणते ती अशी. मात्र कोणी मासळीच्या हव्यासानं रात्री भरतीच्या वेळी दार उघडं ठेवलं, तर? खारं पाणी आत शिरतं आणि भात जळतं. त्याला ठाऊक असतं काय होणार, तरी तो ते करतो. प्राणघातक पापाच्या तीन अटी इथं सापडतात: गोष्ट गंभीर, पूर्ण जाणीव आणि राजीखुशी. तीनांपैकी एक नसेल तर ते पाप प्राणघातक ठरत नाही. आमच्या काही भाविक म्हाताऱ्या उगाच प्रत्येक चुकीला नरक लावतात, म्हणून हे सांगतो.

हा वाद जुना आहे. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेनं १६१८-१९च्या डॉर्टच्या सभेत ठरवलं, की देवानं निवडलेले शेवटपर्यंत टिकतातच. त्याआधीच, १३ जानेवारी १५४७ला, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या महासभेनं उलट निवाडा दिला होता: देवाची कृपा गमावता येते, तीही केवळ विश्वास सोडल्यानं असं नाही, तर प्रत्येक प्राणघातक पापानं. विश्वास शिल्लक असूनही माणूस कृपेतून पडू शकतो. हे मला नेहमी विचार करायला लावतं. असा माणूस रविवारी मिस्सेलाही दिसेल.

शेत बुडालं तरी सातबारा कोणी बदलत नाही. स्नानसंस्काराचा ठसा तसाच, पुसला जात नाही, म्हणून परतणाऱ्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. त्याला धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावं लागतं. जुन्या धर्मपंडितांनी त्याला गलबत फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी म्हटलं आहे. शेताचा खार मात्र वरच्या पावसानंच धुतला जातो. आपल्याकडे काम उरतं बांध घालायचं, आणि ती बुद्धीही देवाच्याच कृपेची. शेताला दोन-तीन पावसाळे लागतात, इथं क्षमा तिथल्या तिथं मिळते. उपमा इथं थोडी तोकडी पडते, चालायचंच.

“म्हणजे काका, तुम्हांला खात्रीच नाही?” त्यानं विचारलं.

“आशा आहे,” मी म्हटलं. “शिष्य पेद्रूनं येशूला तीनदा नाकारलं आणि तो रडत परतला. येशूला धरून देणाऱ्या जुदासानंही पश्चात्ताप केला, त्याबद्दल मिळालेली चांदीची नाणी परत नेऊन टाकली. पण तो येशूकडे गेलाच नाही.”

तो गप्प राहिला. फेरीबोट धक्क्याला लागली, स्कूटरवाल्यांची घाई सुरू झाली आणि बोलणं तिथंच राहिलं. कारेजम, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, चालू आहे. शनिवारी संध्याकाळी इगर्जेत पापनिवेदनाची रांग असते, ती लांब असते म्हणून मी थोडा आधीच जातो. तुम्हीही या.