वीटभट्टीवरची चित्रपेटी

(दृश्य : नागपूरबाहेरची वीटभट्टी. कच्च्या विटांच्या रांगा, पलटणारे लहान हात. चेहरे दिसत नाहीत.)

दिवाळी सरली की नागपूरभोवतीच्या भट्ट्यांवर छत्तीसगड, मध्य प्रदेशातून कुटुंबं उतरतात. मजुरी हजार विटांमागे, त्यातूनही उचल वळती होणार. मग लेकरूही विटा पलटायला लागतं. परतायचं पावसाच्या तोंडावर. तोवर शाळेचं वर्ष गेलेलं.

शाळेच्या हक्काची पत्रकं इथे वाचतं कोण? चित्रपेटी, म्हणजे चौकटीत एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा खेळ, मात्र बघतात.

(दृश्य : लाकडी चौकटीत सरकणारा पुठ्ठा.)

एक चौकट, 10 जाड पुठ्ठे, प्रत्येक साधारण 42 बाय 30 सेंटिमीटर. एका चित्रात एकच प्रसंग, काळी रेघ ठसठशीत, अक्षरं नाहीत. पहिल्या चित्राचा मजकूर दहाव्या पुठ्ठ्याच्या पाठीवर, दुसऱ्याचा पहिल्याच्या. दाखवून झालेला पुठ्ठा मागे सरकवला की सांगणाऱ्यापुढे नेमकं पुढचं वाक्य येतं. ज्याचा मजकूर त्याच्याच पाठीवर लिहिला, तर खेळ पहिल्याच चित्राला अडतो. चकचकीत लॅमिनेशन टाळा. बॅटरीच्या उजेडात चित्राऐवजी पांढरा डाग दिसतो.

रडकं मूल काढायचा मोह फार. शहरात त्याला दाद मिळते, पण भट्टीवरच्या आईला तो आपल्यावरचा ठपका वाटतो आणि ती उठून जाते. मुकादमाला राक्षस केलं, की दुसऱ्या खेळाला भट्टीचं फाटक बंद. खऱ्या मुलाचा चेहरा तर कधीच उतरवू नये.

(दृश्य : सहावं चित्र. शाळेच्या दारात आई आणि नऊ वर्षांची मुलगी.)

निम्मी पेटी या दारासाठी राखलेली बरी. महिना डिसेंबर, हातात ना टीसी, ना जन्मदाखला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाही किंवा मुदत टळली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. टीसीला उशीर झाला तरीही नाही. वर्ग वयाप्रमाणे, आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण. हे मुख्याध्यापकांनाही ठाऊक हवं, म्हणून हीच पेटी शिक्षकांच्या खोलीतही उघडायची.

शेवटच्या पुठ्ठ्यावर फक्त मोठ्ठे आकडे : 1098, मुलांसाठीची मदतवाहिनी.

खेळ संपला की टाळ्या नकोत, एक प्रश्न विचारायचा : ही पोरगी कोणत्या वर्गात बसेल? “पहिलीत” असं उत्तर आलं, तर सहावं चित्र पुन्हा चौकटीत.