शेवटची होडी साडेतीनला

(दृश्य: पुण्यातला जलतरण तलाव, सकाळची वेळ. पाठीवर सिलिंडर बांधलेली मंडळी पाण्यात उतरतायत.)

पुण्याला समुद्र नाही, पण स्कूबा शिकणाऱ्या पुणेकरांची हौस दांडगी. थिअरी आणि तलावातले धडे इथेच होतात. समुद्रातल्या डाइव्हसाठी तारकर्ली, गोवा नाहीतर मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी गाठायचं. आज पाण्यात उतरलेल्या या गटाला मात्र मुंबईहून क्रूझनं लक्षद्वीपला जायचंय. जहाज बेटापाशी थांबणार जेमतेम एक दिवस, आणि त्यात दोन डाइव्ह बसवायच्यात.

(दृश्य: वहीचं पान. सगळ्यात वर लिहिलंय, 'शेवटची होडी ३.३०'.)

असा बेत शेवटाकडून आखायचा. मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर उभं राहतं, माणसांची ने-आण छोट्या होड्या करतात. आठला जहाज थांबलं तरी रांगेतून किनाऱ्यावर पोचायला साडेनऊ धरा. परतीची होडी साडेतीनला, म्हणजे दोन तास हाताशी ठेवून दीडला किनाऱ्यावर, आणि साडेबाराला पाण्याबाहेर. उरतात तीन तास. पहिली डाइव्ह दहा ते दहा चाळीस, मग तासाभराची विश्रांती, मग दुसरी. खोल डाइव्ह आधी, उथळ नंतर.

"सर, विश्रांती अर्ध्या तासाची केली तर?" एकीनं विचारलं.

"नाही. हवं तर दुसरी डाइव्हच सोडून देऊ."

(दृश्य: सिलिंडरवरचा दाबमापक, अगदी जवळून. काटा २०० वर.)

बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं हवा भरली की ती होते साधारण २४०० लिटर. त्यातले ५० बार राखीव, म्हणजे वापरायला १८०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर लागत असतील, तर दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून चाळीस. वीस मीटरवर साठ. त्यामुळे तीच हवा दहा मीटरवर पाऊण तास पुरते आणि वीस मीटरवर अर्धाच तास. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट असणाऱ्याची मर्यादा १८ मीटर, त्यामुळे चाळीस मिनिटांची डाइव्ह तळाशी रेंगाळून होत नाही. सुरुवातीला खोल, मग हळूहळू वर, असंच ते जमतं.

तलावात सर सगळ्यांना फरशीला न टेकता अधांतरी तरंगायला लावतात. तासन्‌तास तेच चालतं, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा धडा वाटतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या पाण्याचा मार खाल्लाय. तिथे कुणाच्या पायातला फिन (पोहण्याचा पंखा) घासला, तर वर्षानुवर्षं वाढलेली फांदी क्षणात मोडते.

(दृश्य: दवाखाना. डॉक्टर आरोग्याच्या प्रश्नांच्या फॉर्मवर सही करतायत.)

दमा, कानाचं दुखणं, हृदयाचा त्रास, यांपैकी एकाला जरी 'हो' म्हटलं, तरी डॉक्टरांची सही लागते. ती पुण्यातच घ्या. बेटावर उतरल्यावर डॉक्टर शोधत बसलात, तर दिवस गेलाच म्हणून समजा. आणि सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत. मग पाण्यात उतरायचंच नाही.

(दृश्य: घाटाची वळणं, गाडीतून.)

आता परतीचा प्रवास. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन अंगात विरघळतो. वर येताना, आणि पुढे उंचावर जाताना, त्याला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. नाहीतर त्याचे बुडबुडे होतात, आणि ते सांध्यांवर किंवा मज्जारज्जूवर बेततं. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील, तर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यायचे. क्रूझ दुसऱ्या दिवशी कोचीला संपत असेल, तर साडेबारा अधिक अठरा म्हणजे सकाळचे साडेसहा. त्याआधीचं विमान नको. जहाजानंच मुंबईला परतणार असाल तर हा प्रश्न नाही, कारण जहाज समुद्रसपाटीवरच चालतं. पण तारकर्लीला डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीनं आंबोली चढणाऱ्यांनी हे ऐकावं: आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. रात्र मालवणात काढा, सकाळी निघा.

(दृश्य: पुन्हा तीच वही. दुसऱ्या डाइव्हभोवती पेन्सिलीचा गोल.)

किनाऱ्यावर पोचायला साडेदहा वाजले, तर ही गोल केलेली डाइव्ह रद्द. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, त्यातलं एक मिनिटही कापायचं नाही. गटातल्या सगळ्यांनी हे आजच, तलावाच्या काठावर, मान्य केलंय.