आधी जागा दाखव

हे हात बघा. बुरडकाम करणाऱ्या मावशी आहेत, नागपुरातच सुपं-टोपल्या विणण्यात हयात गेली, पण आत्ता मांडीवर जी टोकदार झाकणाची टोपली आहे ती बांबूची नाही, गवताची आणि घायपाताच्या धाग्याची आहे. आफ्रिकेतल्या रवांडाची. तिकडं तिला आगासेके म्हणतात. इथं शिकायला आलेल्या एका मुलीच्या आईनं विणलेली. मावशी बोट फिरवतात, "अव बाप्पा, जोड कुठी दिसूनच नाही राह्यला!"

१९९४ च्या एप्रिलपासून साधारण १०० दिवसांत तिथं आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजातली, आणि मारणारे हुतू समाजातले, कित्येकदा शेजारचेच. रेडिओवरून माणसांना झुरळं म्हणायचे. नाक्यानाक्यावर ओळखपत्र बघायचे, त्यावर हुतू की तुत्सी ते लिहिलेलं असायचं, ती पद्धत बेल्जियमच्या राजवटीतली.

आता ती मुलगी अंबाझरीच्या गवतावर बसून दाखवतेय, त्या खुनांचे खटले चालवणारं गावाचं कोर्ट, म्हणजे गचाचा, कसं भरायचं ते: पंच इथं, गाव तिकडं गोल करून, आरोपी मधे. गचाचा म्हणजे गवतच. तुरुंगात लाखावर माणसं कोंबलेली, नेहमीच्या कोर्टांना शंभरेक वर्षं लागली असती, म्हणून गावानंच पंच निवडले आणि उघड्यावर बसले. २००२ ला सुरुवात, २००५ पासून देशभर, २०१२ ला बंद, तोवर १९ लाखांवर केसेस. कबुली दिली तर शिक्षा कमी, पण कबुली म्हणजे नुसतं "चुकलो" नाही. कोणाला मारलं, सोबत कोण होतं, आणि प्रेत कुठं टाकलं, हे सगळ्यांसमोर सांगायचं. आम्हाला सगळ्यात मोठी वाटते ती ही तिसरी गोष्ट. आपण झालं गेलं गंगेला मिळालं म्हणून मोकळे होतो, तिथं आधी जागा दाखवावी लागायची, मग माफी.

साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले, आरोपीला वकील नव्हता, ही टीका झाली आणि ती खरी आहे.

परत टोपलीकडं या. नवरा मारला गेलेल्या बायका आणि नवरा त्याच खुनांसाठी तुरुंगात गेलेल्या बायका, अशा एकत्र बसून या विणायला लागल्या.

मावशी विचारतात, "तुह्या मायच्या बाजूले कोन बसते विनाले?"

मुलगी एक नाव सांगते, ते आम्ही एडिटमधे काढलंय. मग म्हणते, त्यांच्याच नवऱ्यानं जागा दाखवली.

मावशी झाकण बसवतात. टोपली मात्र मांडीवरच.