थेट दुसरं वर्ष आणि एम-थ्री

श्रोतेहो, नमस्कार.

डिप्लोमाचा निकाल लागला की घरोघरी ऐकू येतं, "आता इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन. एक वर्ष वाचलं!" जरा बोटांवर मोजून बघा. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि पदवीची चार, झाली सहा. दहावीनंतर डिप्लोमाची तीन आणि पदवीची उरलेली तीन, तीही सहाच. वर्ष काही वाचत नाही. मिळतं ते वेगळं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं. तिसऱ्या वर्षाअखेर नोकरीला उपयोगी पडणारी पदविका हाती येते, शिवाय वर्कशॉपची, ड्रॉइंगची सवय झालेली असते. बारावीहून आलेला मुलगा धातू कातायचं लेथ मशीन पहिल्यांदा बघतो, तेव्हा मेकॅनिकलच्या डिप्लोमावाल्याने त्यावर कितीतरी जॉब, म्हणजे धातूचे भाग, काढलेले असतात.

विद्यापीठही हे शिक्षण मानतं. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीला १६० क्रेडिट धरलेली आहेत. त्यातलं पहिलं वर्ष या मुलांना माफ होतं. पण क्रेडिट माफ झाली म्हणजे त्या वर्षाचं गणित आलं असं नाही, आणि नेमकं तिथेच ही मुलं अडकतात.

डिप्लोमाच्या बहुतेक शाखांत गणित पहिल्या दोन सेमिस्टरमध्येच संपतं. पुढची दोन वर्षं इंटिग्रेशनशी संबंध येतो तो अधूनमधून. आणि पदवीच्या वर्गात बसलं की समोर एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर! फळ्यावर ग्रेडियंट, म्हणजे फंक्शन कुठल्या दिशेला किती बदलतं ते, काढणं चालू असतं. फंक्शन साधंच, एक्सचा वर्ग गुणिले वाय. एक्सच्या संदर्भात पार्शल डेरिव्हेटिव्ह घ्यायचा तर वाय स्थिर धरा, उत्तर दोन एक्स वाय. वायच्या संदर्भात घ्यायचा तर एक्स स्थिर धरा, उत्तर एक्सचा वर्ग. संपलं. बाकीच्या वर्गाने हे पहिल्या वर्षी घोटलेलं असतं, म्हणून सर एका ओळीत पुढे जातात. डिप्लोमाची मुलगी मात्र पार्शल डेरिव्हेटिव्हचं चिन्हच पहिल्यांदा पाहत असते. लाप्लास ट्रान्सफॉर्म या गणिती रूपांतराचं तेच. टीचा लाप्लास काढायला इंटिग्रेशनची बाय पार्ट्स ही रीत लागते; ती विसरली की तिथेच गाडी अडते. पुढे कंट्रोल सिस्टिम्समध्ये हाच लाप्लास पानोपानी भेटतो.

या मुलांच्या हुशारीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. डिप्लोमाच्या मार्कांवरच तर त्यांची मेरिट लागते. पण कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, संपून ती वर्गात येतात, तोवर बऱ्याचदा सेमिस्टर सुरू झालेलं असतं. मग एम-थ्रीची केटी लागते, म्हणजे नापास झालेला पेपर पुन्हा द्यावा लागतो, आणि ती सोडवताना पुढचे विषय मागे पडतात.

म्हणून मुलांनो, निकाल आणि ॲडमिशन यांच्या मधले आठवडे वाया घालवू नका. ओळखीच्या सीनियरकडून पहिल्या वर्षाची एम-वन, एम-टूची पुस्तकं मागून आणा. आधी डेरिव्हेटिव्हची सूत्रं, मग बाय पार्ट्स, मग पार्शल डेरिव्हेटिव्ह. रोज तासभर, कागदावर, हाताने. घरची ओढाताण म्हणून कुणी कामाला जात असेल, तर पालकांनी तेवढा तास तरी त्याला सोडावा.

आणि कॉलेजांना कळकळीची विनंती आहे. गणिताची राहिलेली उणीव भरून काढणारा ब्रिज कोर्स हजेरीपुरता उरकू नका. पहिल्या युनिट टेस्टच्या आधी घ्या, गणिताच्याच शिक्षकांकडून घ्या, आणि मुलांना मराठीतून शंका विचारू द्या.