चिनी अंत्यविधीत ख्रिस्ती मुलाची जागा

मित्रहो,

सिंगापूरच्या चिनी ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) पाळकांपुढे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ‘वडील गेले. घरचे सगळे ताओ धर्म पाळणारे. मी थोरला मुलगा. उदबत्ती हातात घेऊ की नको?’ बाहेरच्या माणसाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण विचारणाऱ्याचा जीव त्यात अडकलेला असतो.

तिथल्या सरकारी वसाहतींमध्ये इमारतीचा तळमजला मोकळा असतो. शवपेटी बहुतेकदा तिथेच ठेवतात, तीन, पाच किंवा सात दिवस. पुढे वडिलांचा फोटो, उदबत्त्यांचं भांडं, फळं, भात. घरच्यांच्या बाहीला कापडाचा लहान तुकडा टाचलेला असतो. बायका सोनेरी कागद दुमडून सोन्याच्या लगडी करत बसतात. त्या पुढे जाळायच्या, गेलेल्याला तिकडे काही कमी पडू नये म्हणून. गोल टेबलांवर शेंगदाणे आणि कलिंगडाच्या बिया, आणि रात्रभर कुणी ना कुणी जागं. पुरोहिताचे मंत्र सुरू झाले की थोरल्याने सगळ्यांच्या पुढे गुडघे टेकायचे. काका पेटवलेल्या उदबत्त्या पुढे करतात आणि सगळं गणगोत बघत असतं. अशा वेळी ‘नको’ म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी बापालाच नाकारणं. पोरगा ख्रिस्ती झाला, आता माझ्यामागे माझं कोण करणार, ही धास्ती कित्येक म्हाताऱ्यांनी मनात बाळगलेली असते.

ती धास्ती समजून घ्यायला हवी. आईबापांसाठी तीन वर्षं शोक कशाला, एक वर्ष पुरे नाही का, असं कन्फ्यूशियसला त्याच्या एका शिष्याने विचारलं होतं. कन्फ्यूशियसचं उत्तर असं, की लेकरू तीन वर्षांचं झाल्यावरच आईबापांच्या कुशीतून बाहेर पडतं. ‘आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख’ ही आज्ञा शिकलेल्या आपल्यासारख्यांना हे परकं का वाटावं?

या वादाची एक वाट आपल्या गोव्यातून जाते. येशूसंघाचा (जेझुइट) मिशनरी मात्तेओ रिच्ची १५७८ मध्ये गोव्यात उतरला आणि १५८२ मध्ये तिथून मकावला गेला. चीनमध्ये राहून त्याचं मत असं झालं, की पूर्वजांपुढे वाकणं हा कृतज्ञतेचा आचार आहे, ती मूर्तिपूजा नव्हे. डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या इतर कॅथलिक संघांच्या धर्मगुरूंना ते पटलं नाही. भांडण रोमपर्यंत गेलं. १७१५ मध्ये पोपने हे विधी निषिद्ध ठरवले, १७४२ मध्ये तो निषेध आणखी कडक झाला, आणि चीनला जाणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याला तशी शपथ घ्यावी लागू लागली. ८ डिसेंबर १९३९ रोजी रोमने ही बंदी उठवली. मृतापुढे, त्याच्या चित्रापुढे, नुसतं नाव लिहिलेल्या पाटीपुढेही मान लववायला मोकळीक मिळाली. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं चिनी कॅथलिक मुलगा बापाच्या पाटीपुढे वाकला तर अपराधी ठरत होता. मला हे फार क्रूर वाटतं. प्रॉटेस्टंटांनीही वेगळं काही केलं नाही. १८९० च्या शांघायच्या मिशनरी परिषदेत मार्टिन या मिशनऱ्याने या विधींबाबत थोडी सबुरी मागितली, तेव्हा हडसन टेलर या दुसऱ्या मिशनऱ्याने, ज्यांना हे मान्य नाही त्यांनी उभं राहावं असं सांगितलं, आणि बहुतेक सभा उभी राहिली.

माझं मत सांगतो. विधीतली उदबत्ती मी घेणार नाही. तिथे ती मृताच्या आत्म्याला आणि देवतांना उद्देशून लावतात, आणि माझी प्रार्थना एकाच ठिकाणी जाते. पण म्हणून मुलाने घरीच थांबावं, असं सांगणारा पाळक त्याच्याकडून आईबापांचा मान राखण्याची पाचवी आज्ञा मोडून घेतो. बायबलमध्ये, परमेश्वराला मानू लागलेला अरामी सेनापती नामान संदेष्टा अलीशाला म्हणाला होता, की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकेल, तेव्हा मलाही वाकावं लागेल, परमेश्वराने त्याची क्षमा करावी. अलीशाने त्याला चाकरी सोड असं सांगितलं नाही, शांतीने जा म्हणाला.

आपण त्या मुलाच्या हाती फक्त काय करू नये याची यादी देतो, आणि दुःखात माणसाच्या हातांना काम लागतं. काम तिथे भरपूर असतं. बाहीला तो तुकडा टाचून घ्यावा. रात्री जागावं. येणाऱ्यांना पाणी द्यावं, लोक मदत म्हणून पैसे घालून देतात त्या पांढऱ्या पाकिटांची नोंद ठेवावी. फोटोपुढे फूल ठेवून तीनदा वाकावं, बापाला वाकायला ख्रिस्ताची मनाई नाही. शववाहिनीमागून इतरांबरोबर चालावं. दहनानंतर नातलग चॉपस्टिक्सने अस्थी उचलून कलशात ठेवतात, आधी पायाच्या, शेवटी कवटीच्या, म्हणजे कलशातही माणूस उभा राहतो. आपल्याकडे राख सावडतात, तसंच ते. तिथे थोरल्याने सगळ्यांत पुढे असावं. आणि रडावं. आपला मित्र लाजर याच्या थडग्याकडे जाताना प्रभू येशू स्वतः रडला, आणि काही वेळाने आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला.

मंडळीनेही जावं, आणि नुसती एका संध्याकाळची उपासना उरकून परतू नये. काकांच्या टेबलावर बसावं, शेंगदाणे खावेत, गेलेल्या माणसाच्या गोष्टी ऐकाव्यात. आणि काय करेन, काय करणार नाही, हे मुलाने वडील हिंडते-फिरते असतानाच त्यांच्यापाशी बसून बोलावं, काकांनाही सोबत घेऊन.