सुटी केलेली अस्थिपेशी

(ठाण्यात नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, कोंबडीच्या तंगडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, की त्यातले क्षार विरघळतात आणि ते रबरासारखे वाकू लागते. मागे उरतो तो मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा सांगाडा. जिवंत हाडात या सांगाड्याला आणि क्षारांना चिकटून, किंवा त्यांच्या आत अडकून, पेशी राहतात. त्यांना जिवंत बाहेर कसे काढायचे, आणि बाहेर काढल्यावर त्या हाडाच्याच पेशी राहतात का, हा आजचा विषय आहे.

कोलॅजेनचा सांगाडा सैल करायचा, तर कोलॅजेन तोडणारे विकर, म्हणजे कोलॅजिनेज, हवे. विल्यम पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये याच मार्गाने उंदरांच्या कवटीच्या हाडातून पेशी सुट्या केल्या. नवजात पिल्लाच्या कवटीचे हाड कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ असते. त्याचे तुकडे विकराच्या द्रावणात घालून 37 अंश सेल्सिअसला हलवत ठेवले, की स्वच्छ द्रावण हळूहळू गढूळ होते. तो गढूळपणा म्हणजेच सुटलेल्या पेशी. पहिला घाणा सहसा टाकून देतात, कारण त्यात हाडावरच्या आवरणातील तंतुजनक पेशींचा भरणा असतो. हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी पुढच्या घाण्यांत अधिक मिळतात.

त्या खरोखर ऑस्टिओब्लास्ट आहेत, हे नुसत्या आकारावरून ओळखता येत नाही. त्यांच्यात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर भरपूर असते. शिवाय क जीवनसत्त्व आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (फॉस्फेट पुरवणारे रसायन) मिळाले, तर साधारण तीन आठवड्यांत पेशी वाढवण्याच्या बशीच्या तळाशी त्यांच्या क्षार भरलेल्या गाठी तयार होतात आणि ॲलिझरिन रेड या क्षार रंगवणाऱ्या रंगाने त्या लालभडक उठून दिसतात. मात्र बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झाले, तर मेलेल्या पेशींवरही क्षार बसतात. म्हणून केवळ लाल रंगावरून हाड तयार झाले असे म्हणणे मला मान्य नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात या तीन आठवड्यांची किंमत कळते. माझ्या उमेदवारीच्या काळात, एका जुलै महिन्यात, इन्क्युबेटरमधील पाण्याच्या ट्रेला बुरशी लागली आणि अठराव्या दिवशी सगळ्या बशा फेकून द्याव्या लागल्या.

प्रौढ हाडातील नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट असतात. त्या हाडातच गाडलेल्या आणि लांब धाग्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. त्यांना सुटे करताना हे जाळेच तुटते, म्हणून बशीतल्या त्यांच्या वागणुकीवर मी बेताचाच विश्वास ठेवतो.

पेशी सुट्या केल्यामुळे सर्वांत मोलाचे उत्तर मिळाले, ते हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्टबद्दल. ही अनेक केंद्रके असलेली मोठी पेशी हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या पातळ चकतीवर सोडली, की ती खड्डे पाडते, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. कॅल्सिटोनिन दिले, की तिची हालचाल थांबते. म्हणजे हा संप्रेरक थेट तिच्यावरच काम करतो. पॅराथायरॉइड संप्रेरकाने शरीरात हाडाची झीज वाढते, पण एकट्या ऑस्टिओक्लास्टला तो दिला, तर खड्डे वाढत नाहीत. त्याच चकतीवर ऑस्टिओब्लास्ट सोबत ठेवल्या, की मात्र वाढतात. मॅकशीही आणि चेंबर्स यांनी हे 1986 मध्ये दाखवले. म्हणजे झिजवण्याचा हुकूम आधी बांधणाऱ्या पेशीकडे जातो आणि ती तो पुढे पोचवते. अखंड हाडावर कितीही प्रयोग केले असते, तरी हुकूम कोणत्या पेशीला मिळतो हे इतके स्वच्छ दिसले नसते.

तो निरोप नेणारा रेणू 1997-98 च्या सुमारास सापडला. त्याचे नाव रँकएल. आपल्यापैकी कोणाच्या घरी हाडांच्या ठिसूळपणासाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे इंजेक्शन घेत असतील, तर ते औषध नेमका हाच निरोप वाटेत अडवते.